वरवंट्याचं माप

१

दमदमच्या त्या गल्लीतल्या क्लबात दर वैशाखात एक शब्द ठरायचा आणि आश्विनात त्या शब्दाचा मंडप उभा राहायचा. एकच शब्द, आणि घराघरांतून निघालेलं सामान. गेल्या साली शब्द होता 'गाठ': जुन्या साड्या, बुटांच्या नाड्या, फाटक्या मच्छरदाण्या. त्याच्या आधीच्या साली 'झाकण'. तेव्हा गल्लीत महिनाभर एका बरणीला झाकण नव्हतं आणि मुंग्यांची चंगळ होती.

यंदा मंडप रचणाऱ्या पूषन बागचीनं सांगितलं, "क्षय."

"देवीच्या मंडपात क्षय?" क्लबचे सेक्रेटरी नंदीजेठू खुर्चीतून अर्धे उठले. "आज क्षय, उद्या कॉलरा काढाल! लोक दर्शनाला येणार की औषधाला?"

पूषनदा हसला. पन्नाशीतला माणूस, पिकल्या केसांची मागे बांधलेली शेपटी, मुद्दाम चुरगळलेला महागाचा कुर्ता. "रोग नव्हे हो जेठू. झीज. वस्तू झिजली म्हणजे तिच्यासोबत कुणीतरी जगलं. न झिजलेली वस्तू म्हणजे नुसतं दुकान."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर मेखला सरखेलनं दात आवळले. हे वाक्य तिचं होतं. तीन दिवसांपूर्वी चहाच्या टपरीवर ती बोलली होती, शब्दासकट. पण ती गप्प बसली, कारण आत येताना पूषनदानं तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मंडपाच्या बोर्डावर दोन नावं असतील. माझं आणि तुझं."

मेखला तेवीस वर्षांची. आर्ट कॉलेज तिनं तिसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे, बावीस वर्षं एकच मडकं टेबलावर ठेवून चित्रकला शिकवणाऱ्या सरांना ती भर वर्गात म्हणाली, "सर, एव्हाना मडकंही कंटाळलं असेल." माफी माग म्हणाले, तिनं मागितली नाही. तेव्हापासून तिचे बाबा तिच्याशी आईमार्फत बोलत. समोर बसून सांगत, "तिला सांग, आमटी तिच्या बाजूला आहे." अशा घरातल्या मुलीला दहा फुटी बोर्ड नुसता बोर्ड वाटत नाही. त्यावरच्या नावाखालून बाबांना क्लबात जावं लागलं असतं, रोज.

२

सामान गोळा करायचं काम अर्थात तिचंच. साबणाच्या चिपट्या, एका अंगानं झिजलेल्या केरसुण्या, टाचेत भोक पडलेल्या चपला, जिन्याची मधोमध खोलगट झालेली फळी. पण मधल्या भिंतीसाठी, देवीच्या समोरच्या भिंतीसाठी, तिनं पाटे-वरवंटे मागितले. घरोघरी मिक्सर आले होते, पाटे पलंगाखाली ढकलले होते. आठवडाभरात चाळीस जोड्या आल्या. प्रत्येक पाट्यावर टाकीनं कोरलेला मासा, कुठे ठसठशीत, कुठे पुसट.

आणि प्रत्येक बाईनं जाताना तेच बजावलं. "जोडी फोडू नकोस हं."

सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी या बायका पाटा धुतात, हळदीत भिजवलेलं फडकं नेसवतात, वरवंटा त्याच्यावर आडवा ठेवतात, आईच्या मांडीवर पोर ठेवावं तसा. त्या दिवशी वाटण नाही, चूल नाही, आदल्या दिवशीचं गार जेवण. षष्ठीचा दिवस, लेकरांचा. मेखलानं लहानपणी ते गार अन्न नाकं मुरडत खाल्लं होतं.

"दगड आहेत काकीमा," ती म्हणायची. "मायलेक नाहीत." आणि खडूनं आकडा घालून पाटे एका रांगेत, वरवंटे दुसऱ्या रांगेत लावायची. तिच्या आराखड्यात पाटे भिंतीवर टांगायचे होते आणि वरवंटे समोरच्या कोनाड्यांत.

एक्केचाळिसावा पाटा गल्लीच्या टोकाच्या सुरुची मासीमांकडे मिळाला. तळमजल्याची एक खोली, खिडकी उत्तरेला. मासीमा सत्तरीच्या, एकट्या. पाटा पाहून मेखला त्याच्याशेजारी उकिडवी बसली. इतका खोलगट की त्यात वाटीभर पाणी राहिलं असतं. माशाचं शेपूट गेलेलं, खवले गेलेले. फक्त काठाशी एक डोळा उरला होता.

"किती वाटलंय यावर, मासीमा!"

"मी? छे ग. त्रेचाळीस वर्षं झाली वाटणाला शिवले नाही. पुडीतली दळलेली मोहरी आणते."

मेखलानं खोलगट भागात बोट फिरवलं. त्रेचाळीस वर्षांची धूळ नव्हती. तिथं काहीच नव्हतं. धुऊन नुकतं ठेवावं तसा तो भाग ओला-गुळगुळीत होता.

"आणि वरवंटा?"

मासीमांनी पलंगाकडे पाहिलं. उशीशेजारी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वरचं टोक तेवढं उघडं. "पाटा ने. तो नाही देणार."

"का?"

"त्याला सवय नाही." मग त्यांनी तिच्या हातावर खोबऱ्याचा लाडू ठेवला. मेखलाचं लक्ष त्यांच्या तळहाताकडे गेलं. आयुष्यरेषा नाही, कुठलीच रेषा नाही. धुतलेल्या बशीसारखा हात. जन्मभर भांडी घासली की असं होत असेल, तिनं मनाशी म्हटलं, आणि लाडू तोंडात टाकला.

३

"हा पाटा मधोमध," पूषनदा म्हणाला. तो पाट्याभोवती दोनदा फिरला. "पण याचा वरवंटा हवा. याच्यासोबत झिजलेलाच. नुसत्या अर्ध्या जोडीवर भिंत उभी राहत नाही."

"त्या देत नाहीत."

"मग राहू दे. मधली भिंत मी बघतो. तू कडेच्या दोन कर." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बोर्डाचं काय ते मग बघू."

म्हातारे असेच बोलतात. धमकी कधी देत नाहीत, फक्त घड्याळ बघतात.

दुसऱ्या दिवशी मेखलानं भंगारवाल्याकडून एक वरवंटा उचलला आणि भर दुपारी, गल्ली भात खाऊन आडवी झाली असताना, मासीमांच्या दाराशी गेली. दार सताड उघडं होतं. मासीमा भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. पिवळं फडकं सोडायला, आतला वरवंटा काढायला, भंगारातला तसाच गुंडाळून ठेवायला एक मिनिट लागलं. तेवढ्या वेळात मासीमांचा श्वास एकदाही बदलला नाही. झोपलेल्या माणसाचा बदलतो.

बाहेर येऊन तिनं पिशवी छातीशी धरली तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे दगड कोमट होता. उन्हानं, ती म्हणाली. उत्तरेची खिडकी तिला चार पावलांनंतर आठवली. दुसरी म्हणजे एवढा पाटा खाऊन बसलेला वरवंटा बारीक, सपाट व्हायला हवा होता. हा कुठेच झिजला नव्हता. गोल, भरलेला, बाळसेदार.

आपणच हा शब्द वापरला याचं तिला हसू आलं.

४

कोनाडा तिनं प्लॅस्टरचा केला, अगदी मापाचा, म्हणजे वरवंटा त्यात आपोआप अडकून बसेल. माप सुतळीनं घेतलं, दोन टोकांना गाठी मारल्या. संध्याकाळी बसवून पाहिला, चपखल.

सकाळी काढला तो परत बसेना.

"दगड फुगत नाही, दीदी," प्लॅस्टरचं काम करणारे अनंतदा म्हणाले. मेदिनीपूरचा माणूस, विडी कानामागे. "प्लॅस्टर फुगतं. वाळताना अंग सोडतं."

बरोबर होतं. तिनं कोनाडा करवतीनं दोन सूत रुंद केला. वरवंटा बसला. दुसऱ्या सकाळी परत अडला. तिनं सुतळी लावली. गाठीशी गाठ येईना, बोटभर कमी पडत होती. हवा दमट, सुतळी आखडली असेल. म्हणून तार आणली. तार आखडत नाही. तारेवर खूण करून तिनं रोज सकाळी माप घ्यायला सुरुवात केली आणि प्लायवुडच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारत गेली. दारामागे पोरांची उंची मांडतात, तशा एकावर एक.

खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. कॉलेजात तीन वर्षांत असं काही घडलं नव्हतं की सकाळी डोळे उघडताच धावत जावं. भीती वाटायला हवी हे तिला कळत होतं. पण भीतीच्या आधी उद्याची रेघ कुठे येईल हा प्रश्न यायचा, आणि तो प्रश्न भीतीला दारातच उभं करायचा.

"अनंतदा, मोजा बरं तुम्ही."

अनंतदांनी मोजलं, तारेकडे पाहिलं, पेन्सिलीच्या रेघांकडे पाहिलं. विडी कानामागून काढून परत कानामागे ठेवली. "मी त्या पलीकडच्या भिंतीला लागतो," म्हणाले, आणि त्यानंतर मधल्या भिंतीकडे फिरकले नाहीत.

त्याच आठवड्यात तिचा फोन तिचा अंगठा ओळखेनासा झाला. पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. सतत पॉलिशपेपर घासणाऱ्यांची बोटं गुळगुळीत होतात, ही जुनीच तक्रार. ती आकडे दाबून फोन उघडू लागली.

५

पूजेला पाच दिवस असताना दुपारी आवाज आला. कारागीर जेवायला गेले होते. मेखला मंडपाच्या मागे बांबूवर बसून चुरमुरे खात होती.

घर्र. घर्र. मध्ये थोडी उसंत. घर्र.

शेजारच्या घरातला मिक्सर, तिला वाटलं. पण मिक्सर एका दमात ओरडतो. हा आवाज पुढे जात होता, थांबत होता, मागे येत होता. हात पुढे रेटून मागे ओढल्यावर बाई जो श्वास घेते, तेवढीच उसंत. आवाज मंडपाच्या आतून येत होता.

ती उठली. पडदा बाजूला केला. आत कापडातून गाळलेला पिवळट उजेड. देवीची मूर्ती अजून कागदानं झाकलेली. भिंतीवर एक्केचाळीस पाटे, समोर एक्केचाळीस कोनाडे. कुणी नव्हतं. काही हलत नव्हतं. आणि आवाज चालूच होता.

एखादं मशीन चालू राहिलं असेल, म्हणून तिनं वायरी पाहिल्या. सगळ्या काढलेल्या होत्या. बांबू एकमेकांवर घासत असतील, म्हणून खांबाला हात लावला. खांब थंड, निश्चल. मग ती मधल्या पाट्यापाशी गेली. भिंतीवर उभा टांगलेला, ज्याच्यावर काही ठेवताही येणार नाही असा पाटा. त्याच्या खाली जमिनीवर राखाडी पिठाची छोटी रास पडली होती.

तिनं तळहात खोलगट भागावर टेकवला.

आवाज थांबला. थांबला म्हणजे संपला नाही. आवाज तिच्या हाताखाली आला. दगड हलत नव्हता. तिचा हातही हलत नव्हता. तरी तळव्याखाली काहीतरी पुढे गेलं आणि मागे आलं, मऊ, हक्कानं, अंगावर पिणारं मूल डोकं घासतं तसं.

तिनं हात खेचला. पाट्याच्या काठाशी उरलेला माशाचा डोळा आता तिथं नव्हता.

मागे वळून तिनं कोनाड्याकडे पाहिलं. वरवंटा जागच्या जागी होता. वरवंट्याला तोंड नसतं, पाठ नसते. तरी तिला स्पष्ट दिसलं की त्यानं कूस बदलली आहे.

६

आश्विनातल्या षष्ठीच्या सकाळी ढाक वाजू लागले. बोर्डावरचं कापड नंदीजेठूंनी ओढलं, दोरी अडकली, परत ओढलं. टाळ्या पडल्या.

'क्षय. संकल्पना व निर्मिती: पूषन बागची.' आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'सहकार्य: गल्लीतील सर्व माताभगिनी.'

मेखलानं बोर्ड वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. गर्दीत तिचे बाबाही होते. त्यांनी एकदाच वाचला आणि आईला म्हणाले, "तिला सांग, उन्हात उभी राहू नको."

पूषनदा पत्रकारांच्या घोळक्यात होता. ती थेट त्याच्यासमोर गेली. "माझं नाव?"

"अग, जागाच उरली नाही. पेंटरनं अक्षरं मोठी काढली." त्यानं आवाज खाली आणला. "तुझं वय काय, मेखला? नाव पळून चाललंय का? पुढच्या साली बघू." आणि घोळक्याकडे वळून, "हं, तर मी काय म्हणत होतो, न झिजलेली वस्तू म्हणजे नुसतं दुकान..."

तिनं काही फेकून मारलं नाही, याचं नंतर तिलाच नवल वाटलं. ती मधल्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. निदान तेवढी चोरी तरी आज निस्तरायची होती. वरवंटा काढायचा, मासीमांच्या उशीशी ठेवायचा, पाया पडायचं.

"काय सुंदर मांडलंयस ग."

सुरुची मासीमा शेजारी उभ्या होत्या. लाल काठाची कोरी साडी. त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मासीमा, मी... तुमचा वरवंटा मी..."

"बघू हात."

मेखलानं तळहात पुढे केला. तिनं स्वतः तो गेले काही दिवस नीट पाहायचं टाळलं होतं. मासीमांनी पाहिला, अंगठ्यानं हलकेच पुसला, आणि लेकीला दिवस गेल्याचं कळावं तसं हसल्या. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उघडले. रेषाच रेषा. बारीक, ताज्या, कुणी नुकत्याच कोरून काढल्यासारख्या.

"मी परत आणून देते," मेखला म्हणाली. तिचा आवाज तिलाच पातळ वाटला. "आत्ता. लगेच."

"कुणाला?"

"तुम्हाला! तुम्ही म्हणाला होतात ना, देणार नाही म्हणून?"

"मग काय 'ने' म्हणायचं होतं?" मासीमा तिच्या कानाशी वाकल्या. "'ने' म्हटलं असतं तर तू हात लावला असतास? तुम्हा पोरांना नको म्हटलं की बरोबर नेता. त्रेचाळीस वर्षं दार उघडं टाकून झोपतेय मी."

ढाकांचा एकच गजर झाला. मासीमांनी देवीला नमस्कार केला, दोन्ही तळहात डोळ्यांपुढे धरून काही क्षण बघत राहिल्या, आणि गर्दीत मिसळल्या.

७

दशमीनंतर मंडप उतरवला. बायका आल्या, आपापली जोडी ओळखून घेऊन गेल्या. "माझ्या वरवंट्याचा टवका उडाला नाही ना ग?" वगैरे. सुरुची मासीमांच्या दाराला कुलूप होतं. जलपायगुडीला भाचीकडे गेल्या, परत येणार नाहीत, असं शेजारीण म्हणाली.

मधला पाटा मेखलानं भिंतीवरून काढला आणि दोन्ही हातांत उचलून धरला. खोलगट जागी भोक पडलं होतं. त्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता, रिकामे बांबू वाहून नेणारी हातगाडी दिसत होती. पाटा संपला होता. आता उरले होते फक्त हात.

तिनं दोन्ही गोष्टी घरच्या गच्चीवरच्या खोलीत नेल्या. वरवंटा टेबलावर ठेवला तर तो अवघडल्यासारखा दिसे. गादीवर ठेवला. वारा लागेल म्हणून ओढणी टाकली. मग आपण हे काय करतोय ते कळून ती भिंतीला पाठ लावून बराच वेळ बसली. तळहातांवर आता काही नव्हतं. पाण्याचा पेला धरला की सटकायचा. फेकून का देत नाही, हा प्रश्न तिला रोज पडायचा. रोज सकाळी ती तार घेऊन माप घ्यायची.

कोजागरीच्या लक्ष्मीपूजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पूषनदा. हातात संदेश मिठाईचा डबा, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

"काय जिना आहे हा! ऐक, आनंदाची बातमी. दिल्लीच्या गॅलरीला ती मधली जोडी हवी आहे. फक्त तेवढीच. माझं स्वतंत्र प्रदर्शन, त्याचं नाव पण 'क्षय'च." त्यानं खोलीत नजर टाकली. पाट्याच्या भोकावर ती थबकली, चमकली. "वा. हे तू केलंस? अप्रतिम. आणि वरवंटा?"

मेखलानं तोंड उघडलं. न्या, घेऊन जा, आत्ता न्या, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. गेल्या दहा वर्षांत ज्यांना प्लॅस्टर लागलं नव्हतं असे गोरेपान, रेषांनी भरलेले हात.

"पाटा न्या," ती म्हणाली. "वरवंटा नाही देणार."

पूषनदा खदखदून हसला. "मेखला, तू अजून बोर्डावरच अडकलीयस! बालिश आहेस ग. अग, दगड आहे तो."

"त्याला सवय नाही."

"कसली?"

"चहा आणते," ती म्हणाली. "बसा. साखर किती?"

ती बाहेर पडली. दार सताड उघडं टाकलं. सात पायऱ्या उतरून, खोलीकडे पाठ करून ती जिन्यातच बसली. खाली स्वयंपाकघरात आईचं भांडं वाजलं. बाबा कुणालातरी सांगत होते, तिला सांग, तिच्याकडे कुणी आलंय. वर खोलीत पूषनदाची पावलं फिरली. मग ओढणीचा सरसर आवाज. तिचे हात आपोआप वर उचलले गेले, धावत जाऊन काहीतरी हिसकावून घ्यावं तसे, आणि तिनं ते गुडघ्यांखाली दाबून धरले.

वरून पूषनदाचा आवाज आला. तिच्याशी बोलत नव्हता. दगडाशी बोलावं तसाही नव्हता. झोपलेल्या कुणाशी तरी बोलावं तसा, अगदी हळू.

"ये."

पावलं खाली आली. तो तिच्या शेजारून उतरला, तिच्याकडे न बघता, संदेशाचा डबा वरच विसरून. छातीशी पिशवी धरली होती. मानेखाली हात द्यावा तसा पिशवीच्या एका टोकाखाली हात होता. पाटा त्यानं नेला नव्हता.

जिन्याच्या खिडकीतून गल्लीच्या वळणावर तो दिसेनासा झाल्यावर मेखलानं फोन काढला. अंगठा टेकवला.

पुन्हा प्रयत्न करा.

तिनं अंगठा कुर्त्याला पुसला आणि परत टेकवला.